थकलेला निवेदक आणि मृतांची नावं

श्रोतेहो, नमस्कार.

खऱ्या गुन्ह्यांच्या हकिगती सांगणारे पॉडकास्ट तुमच्यापैकी अनेकजण नेमाने ऐकत असतील. कधीतरी असं होतं की ठरलेल्या दिवशी नेहमीचा भाग येत नाही, दोन-तीन मिनिटांचं निवेदन येतं. आवाज ओळखीचाच, पण दमलेला. "काही काळ थांबतेय. झेपेनासं झालंय. माफ करा." आज मला या शेवटच्या दोन शब्दांबद्दल बोलायचं आहे. माझ्या मते ही माफी मागण्याचं काहीही कारण नाही.

ती माफी का मागितली जाते, हे आधी पाहू. त्यामागे एक संकोच असतो. खून दुसऱ्याच्या घरात झाला, मुलगी दुसऱ्याची गेली, न्यायालयाच्या पायऱ्या वर्षानुवर्षं दुसऱ्यांनीच झिजवल्या. मी तर नुसती गोष्ट सांगतेय, मग मला थकण्याचा काय अधिकार? हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच तो माणसाला फार काळ गप्प ठेवतो.

पण "नुसती गोष्ट सांगणं" म्हणजे प्रत्यक्षात काय, ते जरा जवळून बघा. तुम्ही एखादा भाग एकदा ऐकता, बहुधा दुसरं काहीतरी करता करता. तो तयार करणाऱ्या व्यक्तीने आरोपपत्र वाचलेलं असतं, शवविच्छेदनाचा अहवाल वाचलेला असतो. साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी ताडून पाहिलेल्या असतात. त्यातलं बरंचसं ती तुम्हाला सांगतच नाही. ऐकवण्यासारखं नसतं म्हणून गाळते. म्हणजे सगळ्यात भयंकर तपशील असतो, तो तिच्यापाशीच राहतो.

त्यानंतर एडिटिंग. मदतीसाठी केलेल्या फोनचं ध्वनिमुद्रण हाती आलं, तर त्यातले मोजके सेकंद निवडायचे असतात. त्यासाठी तेच सेकंद पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात. हुंदका कुठे सुरू होतो, वाक्य कुठे तुटतं, खरखर कमी केली तर शब्द कळतात का. हे सगळं कानाला हेडफोन लावून, बहुतेकदा रात्री आणि एकटीने. फोन करणारी व्यक्ती त्या क्षणी आयुष्यातला सगळ्यात वाईट अनुभव घेत असते, आणि इथे तिचा आवाज कानाच्या अगदी आत घुमत असतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा नवं प्रकरण, नवा आवाज.

बातम्यांच्या कचेऱ्यांत घटनास्थळावरची हिंसक दृश्यं तपासणाऱ्या ११६ पत्रकारांचा एक अभ्यास मानसोपचारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. ही माणसं घटनास्थळी गेलेली नव्हती, टेबलापाशी बसून काम करत होती. दृश्यं एका वेळी किती तास पाहिली यापेक्षा ती किती वारंवार पाहावी लागतात, याचा मनाच्या त्रासाशी जास्त संबंध दिसला. वारंवार, हा शब्द लक्षात ठेवा. दर आठवड्याला भाग काढणाऱ्याचं कामच त्या एका शब्दावर उभं असतं.

आता त्या अधिकाराच्या प्रश्नाला एक सरळ उत्तर देतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये निदानाच्या नियमावलीची पाचवी आवृत्ती काढली. आघातानंतरच्या तणावविकाराचे, म्हणजे पीटीएसडीचे, निकष सांगताना तिने इतरांवर ओढवलेल्या भीषण घटनांच्या तपशिलांना पुन्हा पुन्हा सामोरं जाणं हेही धरलं आहे. पडद्यावर किंवा चित्रांतून पाहिलेलं तिथे धरलेलं नाही, मात्र ते कामाचा भाग म्हणून पाहावं लागत असेल तर धरलं आहे. श्रोता आणि निवेदक यांच्यातला फरक इतक्या स्पष्टपणे मांडलेला मी दुसरीकडे क्वचितच पाहिला. थकलेल्या प्रत्येक पॉडकास्टरला हा विकार झालेला असतो असं मुळीच नाही. पण दुसऱ्याच्या दुःखाच्या तपशिलांनी मनाला इजा होऊ शकते, हे आता वैद्यकाला मान्य आहे.

बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने पार गळून जाणं, ही याहून वेगळी, तरी शेजारचीच गोष्ट. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या कामाच्या अनुभवावरून मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी तिच्याबद्दल लिहिलं. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ती मोजायची प्रश्नावली दिली. तिच्यात तीन गोष्टी तपासल्या जातात: भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना.

यातला कोरडेपणा मला सगळ्यात गंभीर वाटतो. थकवा निवेदकाचा असतो, पण कोरडेपणाची किंमत तिसराच कोणी मोजतो. ज्या स्त्रीबद्दल बोलायचं तिचं नाव मागे पडतं आणि ती "या आठवड्याची केस" होते. तिला काय आवडायचं, ती कशी हसायची, हे शोधण्याचा कंटाळा येतो. खुनाचं वर्णन मात्र सफाईने होतं, कारण त्याची सवय झालेली असते. तिची आई किंवा भाऊ कुठेतरी ते ऐकणार असतो. त्या घरातल्या माणसांना हा कोरडेपणा पहिल्या वाक्यात कळतो. म्हणून मी म्हणतो, असं होऊ लागल्यावर थांबणं हा या कामातल्या जबाबदारीचाच भाग आहे. मृतांची नावं ज्याने उच्चारायची, त्याला ती उच्चारताना काहीतरी वाटायला हवं.

बरं, थांबायचं म्हणजे काय करायचं? प्रक्षेपण बंद आणि संशोधन चालू, ही विश्रांती नव्हे. सबिने झोनेनटाग आणि शार्लोटे फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये कामाच्या ताणातून सावरण्याचे चार अनुभव मांडले. त्यातला पहिला म्हणजे मनाने कामापासून सुटणं. इतर तीन म्हणजे निवांतपणा, काही नवं शिकणं, आणि आपल्या मोकळ्या वेळावर आपलाच ताबा असणं. गुन्ह्यांच्या कामात पहिलाच सगळ्यात अवघड, कारण माहिती देणाऱ्यांचे निरोप येतच राहतात. आमच्या माणसाबद्दलही बोला, असं कळवळून लिहिणारी कुटुंबं असतात. त्यांना उत्तर मिळायलाच हवं, पण ते थोडे दिवस दुसऱ्या कुणीतरी द्यावं. झोप उडाली असेल, दृश्यं आपोआप डोळ्यांपुढे येत असतील, जवळची माणसं नको वाटत असतील, तर नुसत्या सुट्टीवर विसंबू नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं.

आणि परतल्यावर? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचं वर्णन करताना तो आजार म्हटलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून येणारी अवस्था, असं म्हटलं आहे. म्हणजे मूळ कामाच्या रचनेत आहे. तेच वेळापत्रक, तेच एकटेपण ठेवून परतलं, तर थोड्याच महिन्यांत पुन्हा तेच निवेदन करावं लागेल. दोन भागांत जास्त अंतर हवं. कठीण ध्वनिमुद्रणं ऐकताना जोडीला कुणी हवं. शवविच्छेदनाचं प्रत्येक छायाचित्र उघडायलाच हवं असं नाही. पुष्कळदा लेखी अहवाल पुरतो.

श्रोत्यांकडे माझं एक मागणं आहे. असं निवेदन ऐकलंत तर "नवा भाग कधी?" असं विचारू नका. सदस्यत्व काढून घेऊ नका. एखाद्या जुन्या भागात तुम्हाला काय भिडलं, ते दोन ओळींत कळवा, आणि उत्तराची अपेक्षा नाही असंही त्यातच लिहा.

नमस्कार.