मुळी, मामा आणि मावशीची उलटतपासणी

(व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सुरुवात तक्रारीने करतो. मी कळवलेला विषय होता ‘इबोगा : गाबोनमधली एक मुळी आणि तिचे उपचार’. बाहेर फलकावर छापलंय ‘आफ्रिकेतील जादूटोणा’. कार्यवाहांना विचारलं तर म्हणाले, “अहो, मुळी म्हटलं की लोकांना मुळव्याध वाटते, कुणी येत नाही.” आलात तुम्ही, मान्य आहे. पण आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे, आणि त्या फलकाखालून आत आल्यापासून अध्यक्षसाहेब खुर्ची थोडी थोडी लांब सरकवतायत, हे मी बघतोय.

तर, मी ना डॉक्टर ना वनस्पतीतला जाणकार. प्लायवुडच्या कारखान्यात मेंटेनन्स बघायचो. गाबोनने २०१० साली अख्खे ओंडके देशाबाहेर पाठवायला बंदी घातली. लाकूड हवं तर इथेच कापा, म्हणाले. मग राजधानी लिब्रव्हिलजवळ न्कोकला कारखाने उभे राहिले, त्यांत भारतीय बरेच, त्यांतलाच मी एक. तिथलं लाकूड ओकुमे. ओंडका गरागरा फिरतो आणि पातं त्याची सलग पापुद्र्यासारखी पट्टी सोलत जातं, पेन्सिलला टोक काढावं तशी. त्या मशीनवर माझ्याबरोबर एक फिटर होता, मित्सोगो जमातीचा. बोलायचो फ्रेंचमध्ये, म्हणजे तो फ्रेंचमध्ये आणि मी हातवाऱ्यांमध्ये. तिकडे वयस्कर बाईला आदराने ‘मामाँ’ म्हणतात. पहिले सहा महिने मला वाटायचं, या देशात सगळ्या बायकांना मामा का म्हणतात?

या फिटरचा धाकटा भाऊ वडील गेल्यापासून बिघडला होता. झोपेना, बोलेना, दारू वाढलेली. दवाखाने करून झाले होते. शेवटी घरच्यांनी ठरवलं, ब्विती करायची. ब्विती म्हणजे धर्म म्हणा, दीक्षा म्हणा, उपचार म्हणा. तिकडे हे वेगळे कप्पे नाहीत. मुळात ती मित्सोगो आणि आपिंजी लोकांची, पुढे फांग लोकांनीही उचलली. फिटर मला म्हणाला, “शनिवारी येता? फक्त झोपायचं नाही.” मी म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे लग्न झालं की जागरण-गोंधळ घालतात, झोपायचं नाही हे आम्हाला शिकवू नकोस.

गाव लांबारेनेच्याही पुढे, न्गुनिए प्रांतात. लांबारेने म्हणजे अल्बर्ट श्वाइत्झर यांनी १९१३ साली दवाखाना काढला ते गाव. या नावाकडे पुन्हा येणार आहे, वेळ उरला तर.

झावळ्यांनी शाकारलेला लांबट मांडव, मधे कोरलेला खांब. दिवे नाहीत, मशाली. आणि त्या ओकुमेच्या डिंकाच्या! आठवडाभर ज्या झाडाला मी सोलत होतो, तेच झाड इथे देवापुढे जळत होतं. वास धुपासारखा. एक म्हातारा धनुष्याची दोरी तोंडाजवळ धरून बारीक काडीने वाजवत होता. आपल्या एकतारीला भोपळा असतो, इथे माणसाचं तोंड हाच भोपळा. मोंगोंगो म्हणतात त्याला. कोणी काही महत्त्वाचं बोललं की सगळे एका दमात “बासे!” म्हणणार. आपलं येळकोट येळकोट तसं. म्हणून बघता का एकदा? ... हां, मागच्या रांगा झोपल्यात वाटतं.

पोराच्या अंगाला पांढरी माती फासली होती. दीक्षा घेणाऱ्याला बांझी म्हणतात. हा शब्द आपल्याकडे घेऊन येऊ नका, घरात भांडणं होतील. त्याला मुळीच्या सालीचा किसलेला भुगा थोडा थोडा करून भरवत होते. हाच इबोगा. मलाही चिमूटभर दिला. मंडळी, कडुनिंब म्हणजे त्याच्यापुढे पेढा. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यासारखी जीभ बधिर झाली. चिमटीच्या पुढे मी गेलो नाही, घरी बायको होती. पोराला मात्र उलट्यांवर उलट्या, आणि दर उलटीला मंडळी खूश.

आता माझ्या आवडीचा भाग. दर थोड्या वेळाने वडीलधारे विचारत, “काय दिसतंय?” तो म्हणे, काही नाही. “मग अजून पुढे जा.” पहाटेच्या सुमाराला तो बोलायला लागला. वडील नदीकाठी पाठमोरे बसलेत म्हणाला. आपल्याकडे लगेच कुणीतरी नारळ फोडला असता. तिथे त्याची मावशी पुढे सरकली आणि म्हणाली, “अंगात शर्ट कुठला होता?” तो अडखळला. “पायात काय होतं? तुझ्याकडे बघून काय म्हणाले?” म्हातारी सोडेचना. आणि त्या प्रश्नांच्या धाग्याने पोरगं हळूहळू खरं बोलायला लागलं, की होडीच्या मोटरीचे पैसे त्याने घेतले होते, वडिलांनी विचारल्यावर हात उगारला होता, आणि पुढच्या महिन्यात वडील गेले. चाळीसेक माणसांसमोर बोलला हे. मांडवात चिडीचूप. त्या लोकांत वंश आईकडून चालतो, म्हणून शेवटचा शब्द मामाचा. हा खराखुरा मामा. तो उठला, पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “बासे.”

गेली कित्येक वर्षं मी जो भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय. मुळी खाऊन दिसतं, हे सगळे सांगतात. पण तिथे दिसल्यावर सुटका नाही. जे दिसलं ते माणसांत बोलावं लागतं, आणि त्याची उलटतपासणी होते.

पोरगं बरं झालं का? मी पुढे चौदा महिने तिथे होतो. झोपायला लागलं, कामावर जायला लागलं. दारू कमी झाली, सुटली नाही. मी सोमवारी तांबारलेल्या डोळ्यांनी कामावर गेलो आणि पातं उलटं बसवलं, त्याची वेगळी कथा...

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ अहो, मुख्य विषय तर आत्ता सुरू होतोय! बरं, धावतो.

मुळीतलं मुख्य द्रव्य इबोगेन, ते १९०१ मध्ये वेगळं काढलं. १९३९ पासून फ्रान्समध्ये त्याची ८ मिलिग्रॅमची गोळी थकव्यावर मिळायची, नाव ‘लांबारेन’. आलं ना गाव परत? मांडव, मामा, मावशी सगळं गाळलं आणि गावाचं नाव तेवढं ठेवलं. १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये हॉवर्ड लॉट्सॉफ नावाच्या १९ वर्षांच्या हेरॉइनच्या व्यसनी मुलाने गंमत म्हणून इबोगेन घेतलं, आणि तीसेक तासांनी त्याच्या लक्षात आलं की हेरॉइन न मिळूनही अंग मोडून येत नाहीये. त्याने पुढचं आयुष्य याच्याच मागे घालवलं, १९८५ मध्ये पेटंट घेतलं. अमेरिकेत मात्र ते निषिद्ध यादीत आहे. २०२४ च्या जानेवारीत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी विशेष दलांतल्या ३० माजी सैनिकांचा अभ्यास छापला. त्यांच्या मेंदूला मार लागलेला होता आणि उपचार मेक्सिकोत झाले. महिन्याभरानंतर युद्धाघाताच्या मानसिक त्रासाची लक्षणं सरासरी ८८ टक्क्यांनी उतरली होती. टाळ्या नकोत, तुलनेला दुसरा गट नव्हता. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, टेक्सासने संशोधनासाठी पाच कोटी डॉलर काढून ठेवले.

धोका हृदयाचा. इबोगेनने ठोक्यांची विद्युत लय बिघडते, काहींचं हृदय त्यातच थांबतं. १९९० ते २००८ या काळातल्या १९ मृत्यूंची नोंद झालेली आहे. स्टॅनफर्डवाल्यांनी म्हणूनच सोबत मॅग्नेशियम दिलं होतं. त्या मांडवात ईसीजी नव्हता, आणि मी तिथे मजेत बसलो होतो याची आज भीती वाटते. उलट क्लिनिकमध्ये मॉनिटर असतो, पण शर्टाचा रंग विचारायला मावशी नसते. तिच्या जागी कोण बसणार, हा प्रश्न मला आज मांडायचा होता. तिथल्या नर्सने ते करायचं, की रुग्णाच्या घरच्यांनी? आणि दुसरा प्रश्न, मूळ कोणाचं? गाबोनने २००० साली इबोगा राष्ट्रीय वारसा ठरवला, २०१९ मध्ये निर्यात रोखली. मुळाजोगं झुडूप व्हायला वर्षानुवर्षं लागतात आणि जंगलात चोरटी खणणी चालते. जगाला गोळ्या मिळतील, पण गावात दीक्षेला भुगा उरेल का, याची त्या फिटरला तेव्हाच काळजी होती. यावर अर्धा तास बोलायचं ठरवून आलो होतो.

दुसरी चिठ्ठी. यावर नुसतं उद्गारचिन्ह आहे.

थांबतो, थांबतो. एकच. तो सरस्वतीच्या तसबिरीला घातलेला हार बघा, त्यात तगर आहे. तगर इबोगाच्याच कुळातली, सदाफुलीही त्यातलीच. सदाफुलीतून कॅन्सरची औषधं निघाली, आणि तगरीतही इबोगेनच्या नात्यातली रसायनं आहेत. म्हणून जाताना कुणी ती फुलं चघळून बघू नका. नाहीतर कार्यवाहांचा फलक खरा ठरायचा.