साबांगची स्लो फेरी

इंडोनेशियातल्या सुमात्राच्या उत्तर टोकाला, आचे प्रांतात, बांदा आचे शहराचं उले ल्ह्यू बंदर. इथून समोरच्या बेटावरच्या साबांगला फेरी जाते. फेरीच्या पोटात ट्रक रिव्हर्समध्ये घुसवणं चाललंय, एक जण शिट्टी वाजवतोय, दुसरा ओरडतोय, आणि मागे स्कूटरवाल्यांची झुंबड. फास्ट बोटपण आहे, तासाभरात पोचवते. पण आपण मुद्दाम स्लो घेतली, दोनेक तास लागतात, कारण बेटावरच्या लोकांचा संसार बघायचा तर तो या ट्रकांमध्येच दिसतो.

ती बंदराजवळची मशीद बघा. बैतुर्रहीम. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा आजूबाजूचं सगळं वाहून गेलं, ही तेवढी उरली. शहरात तर वीज बनवणारं २६०० टनांचं जहाज लाटेने उचलून पार आत वस्तीत नेऊन टाकलंय, अजून तिथेच आहे, म्युझियम केलंय त्याचं. नंतर आचे परत उभं करायला जी सरकारी एजन्सी काढली तिचं नाव बीआरआर, आणि या रूटवरच्या एका फेरीचं नावपण बीआरआर! आपल्याकडे एसटीवर ‘पुनर्वसन खातं’ लिहावं तसं.

फेरी सुटली. शुक्रवारी येणार असाल तर टाइमटेबल आधी विचारून घ्या, नमाजाच्या वेळेला आचेत कामं थांबतात.

समोर हिरवागार डोंगर दिसतोय ना, तेच वेह बेट, ज्वालामुखीतून झालेलं, तिथल्या जाबोई गावाजवळ अजून जमिनीतून गंधकाचा धूर येतो. इथले लोक मात्र बेटालाच साबांग म्हणून मोकळे होतात. आपण काश्मीर ते कन्याकुमारी म्हणतो ना, इंडोनेशियात तसं साबांग ते मेराउके म्हणतात, मेराउके म्हणजे पूर्वेचं पार दुसरं टोक, म्हणजे देश इथून सुरू होतो.

बेटावरच्या बालोहान बंदरात उतरलो, साबांग गावात पोचलो तर भर दुपारी दुकानांची शटरं खाली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. संप वगैरे काही नाही, इथे दुपारी झोपतात, संध्याकाळी उघडतात. पुणेकरांनो, तुमचे भाऊबंद सापडले! आणि हेच ते बंदर जिथे डचांच्या काळात मलाक्का सामुद्रधुनीतली जहाजं कोळसा भरायला थांबायची.

संध्याकाळी गुरिता साते खाल्लं, म्हणजे ऑक्टोपसचे तुकडे काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेले. जरा चिवट, पण सॉस भारी.

दुसऱ्या दिवशी इबोइह, बेटावरचंच किनाऱ्याचं गाव. समोरच रुबिया बेट, मधलं पाणी इतकं नितळ की बोटीतून वाकून बघितलं तरी मासे दिसतात. रुबियावर झाडीत पडक्या इमारती आहेत, डच काळात हजच्या यात्रेकरूंना इथे क्वारंटाइनमध्ये ठेवायचे. स्नॉर्कलिंगवाले तिकडे फिरकत नाहीत, आम्ही गेलो तर डासांनी फोडून काढलं.

शेवटी किलोमीटर शून्य, म्हणजे साबांग ते मेराउके या देशाचं इकडचं टोक. माकडं फार, बिस्किटं लपवा. मोठं स्मारक आहे, आल्याचं सर्टिफिकेटपण मिळतं, आम्हीही घेतलं, उगाच कशाला सोडा. समोर वायव्येला, दोनशेएक किलोमीटरवर, आपलं ग्रेट निकोबार. त्याच त्सुनामीत तिथला इंदिरा पॉइंट चारेक मीटर खाली खचला. २०१८ मध्ये भारतीय नौदलाची गस्तीनौका सुमित्रा साबांगला येऊन गेली, पण आपल्यासारख्यांसाठी बोट नाही. जायचंच तर आधी हीच फेरी धरून परत बांदा आचे, मग विमानाने क्वालालंपूर, तिथून चेन्नई, मग पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), आणि तिथून परत बोट.