पेत्र त्या दारातल्या मुलीला का घाबरला?

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. आणि आपले जे प्रेक्षक ख्रिस्ती नाहीत, तरी आवर्जून बघतात, त्यांना मनापासून नमस्कार.

आज मी ठरवलेला विषय बाजूला ठेवलाय, कारण गेले दोन महिने कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय. शब्द वेगळे, प्रश्न तोच. एका भावाने लिहिलंय, "ताई, रविवारी उपासनेत मी मनापासून गातो. सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलो की मी दुसराच माणूस होतो. धैर्य कुठून आणू?" एका मुलीने लिहिलंय, "डबा उघडताना प्रार्थनेसाठी डोळे मिटायची लाज वाटते, म्हणून मी मोबाईल बघतेय असं दाखवते." हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले, कारण हे सगळं मी केलेलं आहे.

रोजची प्रार्थना, वचनाचं वाचन, मंडळीची संगती, हे लागतंच. शब्बाथ शाळेपासून आपण ते ऐकत आलोय, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते पुढच्या पायरीवर. तिथेच पाय घसरतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

येशूचा शिष्य पेत्र आठवा. योहानाच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय. गेथशेमाने बागेत येशूला धरायला शिपाई येतात, मशाली, शस्त्रं. पेत्र काय करतो? तलवार उपसतो आणि महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान कापतो. एवढ्या जमावासमोर! त्या क्षणी तो मरायला तयार होता. जेवणाच्या वेळी "तुझ्यासाठी प्राण देईन" म्हणाला होता, ते खोटं नव्हतं.

त्याच रात्री, फार वेळ गेलेला नाही, महायाजकाच्या वाड्याच्या दारात एक मुलगी उभी आहे. दार सांभाळणारी दासी. हातात तलवार नाही, अधिकार नाही. ती फक्त विचारते, तूही त्याच्या शिष्यांपैकीच ना? आणि पेत्र म्हणतो, मी नाही.

तलवारींना न भ्यालेला माणूस एका साध्या प्रश्नापुढे कोसळला. का? मला वाटतं, मोठ्या प्रसंगाची तयारी त्याने मनात केली होती, दारातल्या प्रश्नाची केली नव्हती. आपलंही तेच आहे. छळ झाला तर मी ख्रिस्ताला नाकारणार नाही, असं आपण मनाशी ठरवून ठेवतो. पण चहाच्या टपरीवर कुणीतरी सहज विचारतं, "तुम्ही लोक नक्की कोण?" आणि आपण विषय बदलतो.

महाराष्ट्रात आपल्याला लपणं फार सोपं आहे. आडनावं बघा. गायकवाड, साळवे, शिंदे, पवार. मी नगरची, आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून नगरच म्हणते. माझी भाषा, माझं जेवण, माझी साडी, कशावरून कुणाला कळणार? "ख्रिश्चन म्हणजे गोव्याकडचे ना, इंग्रजी बोलणारे?" असं मला आजही विचारतात. पेत्राला त्याच्या बोलीवरून ओळखलं, गालीलचा हेल होता त्याला. आपल्याला बोलीवरून कुणी ओळखत नाही, म्हणून सांगायचं की नाही हे पूर्णपणे आपल्या हातात राहतं. सोयीचं आहे. पण त्या सोयीची सवय लागते.

आता माझी गोष्ट सांगते.

पुण्यात पहिली नोकरी. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण दिवाळीला माझ्यासाठी डबा भरून फराळ घेऊन आली. स्टीलचा गोल डबा, झाकणावर तिच्या आईचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं. चकल्या, अनारसे, वर कागदात गुंडाळलेला चिवडा. मी तो खोलीवर नेला, संपवला, डबा घासून ठेवला. आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत. म्हटलं, नाताळला देऊ.

नाताळला नगरला जायचं होतं. तिने विचारलं, "सुट्टी कशाला घेतेस ग?" मी म्हणाले, "घरी जरा काम आहे."

फक्त तेवढंच. घरी जरा काम आहे.

नगरला आईने करंज्या केल्या होत्या. दरवर्षी करतो आम्ही, नाताळचा फराळ, करंज्या, शंकरपाळे, लाडू. आईने तोच डबा भरून दिला. म्हणाली, तुझ्या मैत्रिणीला दे. पुण्याला आले आणि माझ्या लक्षात आलं, डिसेंबरच्या शेवटी करंज्या दिल्या तर ती विचारणार, कशाच्या? म्हणजे आधीचं खोटं उघडं पडणार. मी करंज्या काढून ठेवल्या, डबा घासला, त्यात चिमूटभर साखर टाकली आणि तिला परत दिला. करंज्या मी खोलीवर एकटीने खाल्ल्या. शेवटच्या दोन मऊ पडल्या होत्या.

मला कुणी धमकी दिली नव्हती. ती मला फराळ देणारी मुलगी होती. माझ्या दारातली मुलगी तीच होती.

म्हणून आज एकच गोष्ट सांगतेय आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या त्या दोन-तीन सेकंदांची तयारी करा. पहिलं वाक्य आधीच तयार ठेवा. छोटं, खरं, माफी न मागणारं. "मी नाताळला घरी चाललेय, आम्ही ख्रिश्चन आहोत." झालं, थांबा. बहुतेक जण दोनच गोष्टी करतात, एकतर लपवतात, नाहीतर समोरच्याला वीस मिनिटं उपदेश करतात. तिने सुट्टीचं विचारलं होतं, तारणाचं नाही. सुट्टीचं उत्तर खरं द्या. पुढचं तिला हवं असेल तर ती विचारेल.

आणि हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. घरात, आरशासमोर, गाडी चालवताना. मनात म्हटलेलं वाक्य ऐनवेळी घशात अडकतं. माझं अडकलं आहे.

हाच पेत्र पुढे पत्रात लिहितो की तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला नेहमी सिद्ध असा. सिद्ध असा, म्हणजे आधीपासून तयार असा. दारातल्या प्रश्नाला तयार नसण्याची किंमत ज्याने भोगली, त्याने हे लिहिलंय! आणि पुढे म्हणतो, ते उत्तर सौम्यतेने व भीडस्तपणाने द्या. भीडस्तपणा हा शब्द मला फार आवडतो. आपण म्हणतो, भीड ही भिकेची बहीण. ती भीड मला नडली, लोक काय म्हणतील ही भीड. पेत्र सांगतो ती भीड म्हणजे समोरच्याचा मान राखणं. एक भीड तोंड बंद करते, दुसरी तोंडातला कठोरपणा काढते. पहिली सोडायची, दुसरी धरायची.

आता जरा स्पष्ट बोलते. व्हॉट्सॲपवर येतं ना, "हा संदेश दहा जणांना पाठवा, नाही पाठवला तर तुम्हाला प्रभूची लाज वाटते." कृपा करून हे थांबवा. मला हे बघून खरंच वाईट वाटतं. एखाद्या भित्र्या, प्रामाणिक मुलाच्या मनावर आपण दोषाचं ओझं टाकतो, आणि ज्याने दहा जणांना पाठवलं त्याला वाटतं धैर्य झालं. स्टेटसला वचन ठेवायला माझी हरकत नाही. पण स्टेटस तुम्हाला प्रश्न विचारत नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस विचारतो.

दुसरं, आपल्या उपदेशांमधली उदाहरणं. पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक. माझ्या मनात दोघांविषयी अपार आदर आहे, आणि टिळक तर आमच्या नगरचं दैवत. पण ऐकणारा म्हणतो, ती माणसं मोठी, आपलं काय. म्हणून मी लक्ष्मीबाई टिळकांकडे बघते. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधली पाच वर्षं बघा. आधी ताटातूट, मग नवऱ्याकडे परत आल्या तरी स्वयंपाक, पाणी, सोवळं वेगळं. एकेक गोष्ट त्यांनी स्वतःच्या मनाशी भांडून सोडली. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, एवढ्याशा गोष्टीवर त्यांचं धैर्य पणाला लागलं. मला हे फार जवळचं वाटतं, कारण ते चुलीपाशी घडलंय.

एका दादाने विचारलंय, "ताई, सध्याचे दिवस बघता गप्प राहिलेलं बरं नाही का?" हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. काही ठिकाणी भीती खरी आहे आणि तिथल्या माणसाला मी पुण्यात खुर्चीत बसून शहाणपण शिकवणार नाही. पण गप्प राहणं आणि खोटं बोलणं यात फरक आहे. हेरोदाने पुष्कळ प्रश्न विचारले तेव्हा येशू गप्प राहिला, लूक 23. प्रत्येक विचारणाऱ्याला उत्तर देणं बंधनकारक नाही, टोमणा मारणाऱ्याला तर नाहीच. मी जे केलं ते गप्प राहणं नव्हतं. मी मैत्रिणीला खोटं सांगितलं.

काहींचा प्रश्न याहून अवघड आहे. कागदावर एक धर्म, रविवारी दुसरा. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलित माणसाला अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही, आणि पोरांचं शिक्षण त्यावर अवलंबून असतं. अशा घरांकडे बोट दाखवून "यांना धैर्य नाही" म्हणणाऱ्या कमेंट मी काढून टाकते, यापुढेही काढणार. निकदेम, यहूद्यांचा एक पुढारी, येशूकडे रात्री आला होता, येशूने त्याला दारातून परत पाठवलं नाही. आणि वधस्तंभानंतर, शिष्य पांगलेले असताना, देहासाठी गंधरस आणि अगरू घेऊन तोच निकदेम आला. कुणाला किती वेळ लागेल, हे आपण ठरवायचं नाही.

आता हेच तिसऱ्या बाजूने. विश्वास जगणं म्हणजे फक्त "मी ख्रिश्चन आहे" म्हणणं नाही. पुढच्या एका नोकरीत, हिशेबाच्या कामात, मला एका प्रवासाच्या बिलावर मागची तारीख टाकायला सांगितलं. रक्कम लहान होती. साहेब चांगले होते, आवाज चढवला नाही, म्हणाले, "सगळेच करतात हो." पुन्हा तेच दोन-तीन सेकंद. पण या वेळी वाक्य तयार होतं. "सर, हे मला जमणार नाही. आजच्या तारखेने करते, कारण खाली लिहिते." वचन म्हटलं नाही, येशूचं नाव घेतलं नाही, आवाज थोडा कापला. तेवढंच.

पुढे काय झालं? बढती मिळाली नाही. माझ्याकडचं चांगलं काम काढून मला सात महिने जुन्या फायली लावायला बसवलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण आपल्या साक्षींचा शेवट नेहमी बढतीत होतो आणि ज्याला मिळाली नाही त्याला वाटतं आपला विश्वास कमी पडला. दानीएलाच्या पुस्तकातले शद्रख, मेशख, अबेद्नगो, मूर्तीपुढे नमायला नकार देताना राजाला काय म्हणाले? आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरीही आम्ही नमणार नाही. ते "तरीही" आपण साक्षीतून गाळतो. प्रेषितांची कृत्ये चौथा अध्याय काढा, धमक्या ऐकून आलेली मंडळी धमक्या थांबाव्यात म्हणून प्रार्थना करत नाही, बोलायला धैर्य दे म्हणते. म्हणजे तोपर्यंत ते त्यांच्याकडे पुरेसं नव्हतं. पेत्राकडेसुद्धा. रोज मागून घ्यायची गोष्ट आहे ती, साठवून ठेवायची नाही.

आणि वाक्य चुकलंच तर? पेत्राने नाकारलं तेव्हा अंगणात कोळशाचा विस्तव होता, लोक शेकत होते. योहान 21 मध्ये, तळ्याकाठी, येशूने पुन्हा कोळशाचा विस्तव पेटवलाय, त्यावर मासळी आहे. तो वास पेत्राला ओळखू आला नसेल का? येशू आधी म्हणतो, या, न्याहारी करा. "माझ्यावर प्रीती करतोस काय?" हा प्रश्न नंतर. आणि तीन वेळा, पेत्राने नाकारलं होतं तितक्याच वेळा.

मी जानेवारीत त्या मैत्रिणीकडे गेले. चहाच्या वेळी, उभ्या उभ्या. म्हणाले, "डिसेंबरमध्ये मी तुला खोटं सांगितलं. मी नाताळला गेले होते, आम्ही ख्रिश्चन आहोत. डब्यात करंज्या द्यायच्या होत्या, दिल्या नाहीत." ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मला वाटलं, आमचा फराळ तुला आवडला नाही, म्हणून नुसती साखर घालून दिलीस."

तीन आठवडे ती हे मनात घेऊन माझ्या शेजारी बसली होती. भीती माझी होती आणि दुखावली गेली ती. हे माझ्या डोक्यात त्याआधी कधी आलंच नव्हतं.

तर या आठवड्यात एवढंच करा. तुमची दारातली मुलगी कोण, ते आठवा. तिचा नेहमीचा प्रश्न आठवा. उत्तराचं एक वाक्य खाली लिहा, फक्त वाक्य, स्पष्टीकरण नको. मी प्रत्येक वाचणार आहे. डबा उघडताना डोळे मिटायची लाज वाटते म्हणालेल्या ताई, तुमचं वाक्य मला आधी वाचायचंय.

आणि तो डबा? पुढच्या नाताळला भरून दिला. ती दिवाळीला भरून देते, मी डिसेंबरमध्ये. झाकणावरचे ठिपके आता पुसट झालेत, नाव बोटाने चाचपलं तरच लागतं.