सुरुवातीचा शॉट उचलताना नेमके काय उचलायचे?

नमस्कार. विद्यार्थी चित्रपटाची सुरुवात आखताना आवडत्या चित्रपटांचा आधार कसा घ्यावा, हा प्रश्न तुम्ही इतक्या वेळा विचारला आहे की आज केवळ त्याविषयीच बोलणार आहे. चित्रपटाचा प्रकार ठरवणे, त्या प्रकारातल्या तीन-चार सुरुवाती एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून अनुभवणे, हे तुम्ही करतच असाल. अडते ते त्यानंतर.

आपण वहीत लिहितो, ‘लांब अखंड शॉट, निळसर प्रकाश, कॅमेरा पात्राच्या मागे’. हे शॉटचे रूप झाले. त्या शॉटने प्रेक्षकाला काय कळू दिले आणि काय लपवले, हे मात्र लिहायचे राहून जाते.

ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची (1958) सुरुवात पाहा. तीन मिनिटांहून अधिक काळ एकही कट नाही, क्रेनवरचा कॅमेरा छपरांवरून रस्त्यात उतरतो, आणि सगळे त्या कसरतीवर लुब्ध होतात. पण शॉट सुरू होतो तो बॉम्बचे घड्याळ लावणाऱ्या हातांपासून. तो बॉम्ब मोटारीच्या डिकीत जातो, मोटार गर्दीतून सीमेकडे निघते, आणि आत बसलेली बाई डोक्यात टिकटिक ऐकू येत असल्याची तक्रार करते, तेव्हा तिला ठाऊक नसलेले आपल्याला ठाऊक असते. कट नसल्यामुळे त्या घड्याळापासून आपली सुटका होत नाही.

शिकत असताना मी याच शॉटने भारावून गेलो होतो. माझी मैत्रीण व्हरांड्यातून निघून जिना उतरते आणि फाटकापर्यंत जाते, असा अडीच मिनिटांचा अखंड शॉट घेण्यात आम्ही पूर्ण दिवस घालवला. दाखवला, तेव्हा पहिल्या मिनिटातच खुर्च्या कुरकुरू लागल्या. मी चाल उचलली होती आणि बॉम्ब मागेच ठेवला होता. पुढच्या आठवड्यात आम्ही एकच गोष्ट वाढवली: ती निघण्यापूर्वी एक अनोळखी हात तिच्या पिशवीत पाकीट सरकवतो. तोच जिना, तीच चाल, आता केवळ चाळीस सेकंद. आणि रुमालासाठी तिने पिशवीत हात घातला, तेव्हा खोलीत कोणी हलले नाही.

आता उलट बाजूने पाहू. जॉन कारपेंटर यांच्या ‘हॅलोविन’च्या (1978) सुरुवातीलाही कॅमेरा बराच वेळ सलग फिरतो, पण तिथे आपण खुन्याच्या डोळ्यांनी पाहत असतो. मुखवटा चढतो आणि दृश्य दोन भोकांपुरते उरते. तो उतरतो, तेव्हा समोर एक लहान मुलगा उभा असतो. वेल्स यांनी प्रेक्षकाला पात्रांपेक्षा अधिक सांगितले, तर कारपेंटर यांनी सर्वांत महत्त्वाचेच दडवले. वहीत दोन्हींपुढे ‘लांब अखंड शॉट’ एवढेच लिहिले, तर हा फरक हातातून निसटतो.

म्हणूनच स्थिरचित्रांचा कोलाज करून त्यालाच अभ्यास म्हणणे मला खटकते. स्थिरचित्रातून रंग कळतो, चौकट कळते. पण एखादी गोष्ट कितव्या सेकंदाला उघड झाली, हे त्यात उरतच नाही.

अशी चिरफाड केल्याने सहजता मरते, असे काही प्रेक्षकांनी लिहिले आहे. त्यांची भीती मला समजते. परंतु भारावलेल्या मनाने केलेली नक्कलही सहज नसते, हे मी त्या जिन्यावर अनुभवले आहे.

तेव्हा वहीत तीन रकाने आखा: वेळ, पडद्यावर काय आहे, आणि प्रेक्षकाला आता काय माहीत झाले. एखादा शॉट वगळूनही तिसरा रकाना तसाच राहत असेल, तर तो शॉट तुमच्या उपयोगाचा नाही. स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटची क्रमवार रेखाटने, काढायला बसाल, तेव्हा मधला रकाना झाकून ठेवा. तुमच्या सुरुवातीचा तिसरा रकाना मला खाली लिहून पाठवा. कॅमेरा कुठे ठेवायचा, ते आपण पुढच्या व्हिडिओत त्यावरूनच ठरवू.