दमलेला सर्व्हर, थांबलेला सर्व्हर

मंडळी, नवा मेल सर्व्हर जोडला की दुसऱ्या दिवशी सकाळी येणारा फोन ठरलेला असतो. "काल ते नवीन मशीन लावलंत ना, तेव्हापासून मेल फार उशिरा यायला लागलेत." आणि खोलीत बसलेलं कुणीतरी लगेच म्हणतं, "रॅम वाढवूया." मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो, म्हणून त्यांना हसत नाही.

पण रॅमकडे वळण्याआधी एकदा मशीनकडे बघा. प्रोसेसर तीन-चार टक्क्यांवर, मेमरी अर्धी रिकामी, डिस्क शांत. आणि तरी मेल रेंगाळतोय. याचा अर्थ मशीन दमलेलं नाही, कुणाची तरी वाट बघत थांबलंय. दमलेल्या मशीनला ताकद द्यावी लागते. थांबलेल्याला कितीही ताकद दिली तरी ते जास्त ताकदीने थांबून राहणार.

हे ओळखायची एक साधी खूण आहे. दमलेल्या मशीनचा उशीर ओबडधोबड असतो: कधी दोन सेकंद, कधी सात, गर्दीत वीस. थांबलेल्याचा उशीर घड्याळाशी ठरवून आल्यासारखा येतो. पाच, दहा, तीस. असे गोल आकडे दिसले की समजायचं, कुठेतरी टाइमआउट, म्हणजे उत्तरासाठी ठरवलेली मुदत, संपण्याची वाट बघणं चाललंय.

त्याआधी एक खातरजमा करून घ्या. एकाच डोमेनचे दोन एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा हे सांगणाऱ्या नोंदी) सारख्या प्राधान्याचे असतील तर पाठवणारा त्यातला कुठलाही, जुना किंवा नवा, सर्व्हर निवडतो. म्हणून तक्रार "कधी लगेच येतो, कधी नाही" अशी येते. उशिरा आलेल्या चार-पाच मेलचे हेडर (मेलच्या प्रवासाच्या नोंदी) उघडा आणि 'रिसीव्ह्ड'च्या ओळी खालून वर वाचा. कुठल्या दोन ओळींमध्ये वेळ गेला ते तिथेच दिसतं. मात्र सगळ्या मशीनची घड्याळं जुळलेली हवीत. पाठवण्याआधीच पोचलेला मेल मी या डोळ्यांनी पाहिलाय!

आता मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला दोष सांगतो. एका ठिकाणी जुन्या सर्व्हरचं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं नव्यावर उतरवलं होतं, अगदी अक्षर न् अक्षर. जुना पळत होता, नवा लंगडत होता. पोर्ट २५ ला, म्हणजे सर्व्हरच्या मेल घेण्याच्या दाराला, टेलनेटने हाताने जोडून पाहिलं. जोडणी लगेच झाली, पण सर्व्हरची २२० ची, म्हणजे 'मी तयार आहे, बोला' अशी, ओळ काही येईना. मनात आकडे मोजले. दहा म्हटलं आणि ओळ आली. पुन्हा केलं, पुन्हा दहा.

कुणी दार वाजवलं की मेल सर्व्हर आधी पाहुण्याचं नाव शोधतो. पत्त्यावरून नाव, मग खात्रीसाठी त्या नावावरून परत पत्ता. म्हणजे डीएनएसला, नावं-पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेला, निदान दोन प्रश्न. लिनक्सवर नेहमीच्या सेटिंगमध्ये पहिल्या डीएनएस सर्व्हरने उत्तर दिलं नाही, तर पाच सेकंद थांबून दुसऱ्याला विचारलं जातं. दोन प्रश्न, पाच-पाच सेकंद. झाले दहा.

मग तोच पहिला डीएनएस सर्व्हर जुन्या मशीनला उत्तर का देत होता? कारण मधल्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याकडे, पोर्ट ५३ चा (डीएनएसच्या दाराचा) नियम जुन्या मशीनच्या पत्त्यापुरताच लिहिलेला होता. नव्याचे पॅकेट फायरवॉल गुपचूप टाकून देत होती. तिने सरळ नकार पाठवला असता, तर नव्या मशीनने त्याच क्षणी दुसऱ्या सर्व्हरला विचारलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. 'ड्रॉप' (गुपचूप टाकून देणं) आणि 'रिजेक्ट' (सरळ नकार) यांत सुरक्षेचा फरक किती, यावर लोक तासन् तास भांडतात. सेकंदांचा फरक मात्र मोजता येतो.

आणि एरर कुठेच नव्हती, हे लक्षात घ्या. २००८ सालच्या एसएमटीपीच्या (मेल देवाणघेवाणीच्या पद्धतीच्या) मानकानुसार त्या पहिल्या ओळीसाठी पाठवणाऱ्याने ५ मिनिटं धीर धरायचा असतो. दहा सेकंदांनी त्याचं काय बिघडणार? मेल हरवत नाही, परत जात नाही, नुसता रखडतो. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) 'एरर' शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही ते यामुळेच.

बाहेर जाणाऱ्या मेलसाठी पोस्टफिक्स हा मेल सर्व्हरचा प्रोग्राम वापरणाऱ्यांची सोय चांगली आहे. लॉगमध्ये प्रत्येक मेलपुढे 'डिलेज' म्हणून चार आकडे असतात: क्यू मॅनेजरकडे (मेलची रांग सांभाळणाऱ्या भागाकडे) येईपर्यंतचा वेळ, क्यू मॅनेजरमधला वेळ, जोडणी उभी करण्याचा वेळ आणि प्रत्यक्ष पाठवण्याचा वेळ. तिसरा आकडा तीसच्या किंचित पुढे दिसला तर आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, तपासा. नव्या मशीनला आयपीव्ही६ चा पत्ता मिळालेला असतो, पण बाहेरचा रस्ता पुढे कुठेतरी बंद असतो. पोस्टफिक्स तीस सेकंद प्रयत्न करतो, मग जुन्या आयपीव्ही४ ने जातो. त्यातून दोन्हींपैकी आधी कोण हे तो चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो, म्हणून काही मेल झटकन जातात आणि काही रखडतात. लोकांना वाटतं, समोरच्याचा सर्व्हर लहरी आहे.

नवेपणाचा आणखी एक प्रकार आहे, त्यात दोष कुणाचाच नसतो. ग्रेलिस्टिंग लावलेलं असेल तर सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला "जरा वेळाने या" असं सांगून परत पाठवतो. जुन्या सर्व्हरकडे ओळखीच्यांची वही भरलेली असते, नव्याची कोरी. त्याला रोजचा पाठवणाराही परका वाटतो, आणि तो पाठवणारा अर्ध्या तासाने पुन्हा येतो. यावर उपाय म्हणजे वही दोघांत सामायिक ठेवणं. उलट दिशेनेही हेच होतं: मोठे मेलवाले नव्या पत्त्यावरून एकदम आलेला लोंढा ४२१, म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या', म्हणून अडवतात. तिथे घाई चालत नाही. थोडे थोडे मेल पाठवत ओळख वाढवायची.

डिस्कचं थोडक्यात सांगतो. मेल घेतल्याची २५० ची पोच द्यायच्या आधी सर्व्हर तो खरोखर डिस्कवर उतरवतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे अशी पक्की नोंद सेकंदाला साधारण शंभरदा होणार. रेड कार्डावरची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डावरची) कॅश, म्हणजे तात्पुरती जलद मेमरी, ही उणीव झाकते. पण बॅटरीवर चालणाऱ्या कार्डात बॅटरी भरलेली नसेल, तर कार्ड स्वतःहून ती कॅश लिहिण्यासाठी वापरणं बंद करतं. आणि नव्या कोऱ्या कार्डाची बॅटरी पुष्कळदा रिकामीच येते.

हे मला फार उशिरा कळलं. ते कळण्याआधी एकदा आम्ही पाच जण संध्याकाळपासून मशीनला चिकटलो होतो. एकाने क्यू बदलली, एकाने फाइलसिस्टम, मी दोनदा रिबूट केलं. मध्यरात्रीनंतर मेल अचानक धावायला लागले. तोवर बॅटरी भरली होती. पण शेवटचं सेटिंग ज्याने बदललं होतं, त्याला सगळ्यांनी शाबासकी दिली, आणि ते सेटिंग पुढे लावलेल्या प्रत्येक सर्व्हरवर आम्ही इमानेइतबारे टाकत राहिलो.