चिदंबरम, जकात आणि साडेसात रुपयांचे बटाटे

नमस्कार. 'चिदंबरम यांची करविषयक भूमिका आणि डिजिटल व्यवहार' असा विषय छापलेला असूनही एवढी माणसं आली, म्हणजे एकतर ठाण्यात सीए फार झालेत किंवा बाहेरच्या वड्याचा वास आत येतोय.

विषयाकडे वळण्याआधी जरा जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर घ्यायचे तो कर. पन्नाशीच्या पुढचे किती जण आहेत? राहू द्या, हात वर करू नका, इथून दिसतंय. मुलुंडच्या नाक्यावरची ट्रकांची रांग तुम्ही पाहिलेली आहे. आमचं नौपाड्यात पंख्यांचं दुकान. वडिलांनी एका गिऱ्हाइकाचे तीन टेबलफॅन मुंबईला दुरुस्तीला पाठवले होते. ते घेऊन परत येताना नाक्यावर, कुठल्या ते विचारू नका, कारकून म्हणाला, "माल नवा दिसतोय." वडील म्हणाले, "अहो, पुसलाय." "जुना असल्याचा पुरावा?" वडिलांनी पंखा उलटा करून खालचा गंज दाखवला. तो म्हणाला, "गोदामातसुद्धा गंज चढतो." हे काही खोटं नाही हो! मागे टेम्पोवाले हॉर्न मारतायत, वडील हातात उलटा पंखा धरून उभे. शेवटी पैसे भरले, जांभळ्या कार्बनची पावती घेतली. त्यानंतर दुरुस्तीहून येणाऱ्या पंख्यावर वडील नाक्याच्या अलीकडे मूठभर धूळ टाकायचे. करनियोजन म्हणजे काय, हे मी तिथे शिकलो.

मुंबईची जकात गेली ती १ जुलै २०१७ ला, जीएसटीबरोबर. आणि १ एप्रिल २०१० पासून जीएसटी आणायचा, हे २००६ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनीच जाहीर केलं होतं. पुढे विरोधी बाकांवर बसल्यावर २०१६ मध्ये ते आणि त्यांचा पक्ष मागत होते की दराची १८ टक्क्यांची मर्यादा घटनादुरुस्तीतच घाला. ती काही घातली नाही. ५, १२, १८, २८ असे चार टप्पे आले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मुख्य दर ५ आणि १८ असे दोनच उरले, वर चैनीच्या नि व्यसनाच्या मालाला ४०. म्हणजे दराच्या बाबतीत गृहस्थ फारसे चुकले नव्हते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. पंख्यांनी वेळ खाल्ला.

तर डिजिटल. २००५ मध्ये याच चिदंबरम यांनी बँकेतून काढलेल्या मोठ्या रोख रकमेवर ०.१ टक्का कर लावला होता, रोखीचा माग काढायला. तो २००९ मध्ये उठला. आणि २०१७ च्या फेब्रुवारीत राज्यसभेत ते विचारत होते की खेड्यातल्या जत्रेत साडेसात रुपयांचे बटाटे-टोमॅटो घेतले आणि कार्ड पुढे केलं, तर ती विकणारी बाई काय करणार? तिच्याकडे मशीन आहे का, इंटरनेट आहे का? त्यावरून त्यांची टिंगल अजून चालते. जांभळी नाक्यावर कोथिंबिरीच्या जुडीशेजारी क्यूआर कोड उभा असतो, तेव्हा ते हरले असं म्हणणं सोपं आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे कार्डाचं मशीन होतं. आला तो छापील कागद, तोही फुकट.

माझं म्हणणं एवढंच की त्यांनी प्रश्न अर्धवट सोडला. ते करतज्ज्ञ, त्यांनी विचारायला हवं होतं की मशीन आल्यानंतर बाईचं काय होईल? २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयची जमा बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची. ताज्या भाजीवर जीएसटी नाही! मालाची वर्षाची विक्री ४० लाखांच्या वर गेली तरच जीएसटीची नोंदणी लागते, पण खात्यात आलेला प्रत्येक रुपया म्हणजे विक्री असं धरलं, तर भावाने पाठवलेले पैसेही विक्रीच. बंगळुरात दुकानदारांनी क्यूआर कोड काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या.

नोटीस काढण्याआधी माल करमुक्त आहे का, हे करखात्याने बघावं. ते सिद्ध करायचं ओझं भाजीवाल्यावर नको. वडिलांना निदान पंखा उलटा करून दाखवता येत होता. मर्यादेच्या आकड्यांचा तक्ता आणलाय, पण अध्यक्ष उभे राहिलेत. तो मागच्या टेबलावर ठेवतो, वड्यांच्या शेजारी.