बातमीतला फोटो आणि मनातला मुसलमान

मित्रहो, खोट्या बातम्यांवर हल्ली आपण बरंच बोलतो. मला आज खऱ्या फोटोंबद्दल बोलायचं आहे. मुसलमानांविषयीचा पूर्वग्रह पोसण्यात बनावट चित्रांपेक्षा खऱ्या, पण भलत्याच बातमीला चिकटवलेल्या चित्रांचा हात मोठा आहे, असं माझं मत आहे.

वृत्तपत्राच्या डेस्कवर रात्री काय घडतं ते बघा. लोकसंख्येच्या आकडेवारीची बातमी आलेली असते, पान सोडायची घाई असते, सोबत फोटो नसतो. उपसंपादक संग्रहात शोधतो आणि हाताला लागेल तो लावतो: पाठमोऱ्या बुरख्यातल्या बायका, एकीच्या कडेवर मूल. खाली बारीक अक्षरात ‘संग्रहित छायाचित्र’. बातमीत धर्माचा उल्लेखही नसतो, पण पहिली ओळ वाचायच्या आतच वाचकाला लोकसंख्या कोणामुळे वाढते याचं उत्तर मिळालेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की मुस्लिम स्त्रियांचा जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे होणारी सरासरी मुलं, १९९२-९३ मध्ये ४.४ होता, तो २०१९-२१ मध्ये २.४ च्या आसपास आला. इतकी मोठी घट! पण घटीचा फोटो कसा काढणार?

आणि या फोटोंत चेहरा क्वचितच असतो. नमाजाच्या रांगा मागून, टोप्यांची गर्दी वरून. चेहरा गेला की उरतो जमाव. जमावाला नाव नसतं, नोकरी नसते, गुडघेदुखी नसते.

अशा चित्रांची सवय झाली की संशय आपोआप एकाच दिशेला वळतो. १९९५ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या स्फोटात १६८ माणसं गेली. पहिल्या काही तासांत वाहिन्यांवर चर्चा मध्यपूर्वेतल्या अतिरेक्यांची. स्फोट घडवणारा टिमोथी मॅकव्हे निघाला अमेरिकेचाच माजी सैनिक. २०११ मध्ये नॉर्वेत ७७ जणांचा बळी गेला, तेव्हाही अंदाज तसेच बांधले गेले. मारेकरी मुसलमानांचा कट्टर द्वेष्टा होता.

आपल्याकडे २०२० आठवा. दिल्लीत निजामुद्दीनच्या मरकजमधून, म्हणजे तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या केंद्रातून, करोनाचा संसर्ग पसरला ही बातमीच होती, ती यायलाच हवी होती. पण त्यानंतर साथीच्या कुठल्याही बातमीला टोपी-दाढीचे फोटो लागू लागले, आणि भाजी विकणाऱ्याला लोक नाव विचारू लागले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार झाल्याचं निकालात स्पष्ट नोंदवलं. त्या बातमीला फोटो कोणता लावणार? न्यायालयाच्या इमारतीचा. इमारतीचा फोटो कोणाच्या लक्षात राहतो?

मला याहून जास्त बोचतं ते मुसलमानांचं न दिसणं. अर्थसंकल्पावर प्रतिक्रिया घेताना मुस्लिम व्यापारी आठवत नाही, पिकाच्या नुकसानीच्या बातमीत मुस्लिम शेतकरी दिसत नाही. मुस्लिम बाईला तलाक आणि हिजाब सोडून काही विचारलं जात नाही. गॅस महागला तर तिचंही बजेट कोलमडतं ना? पण तेव्हा कॅमेरा तिच्याकडे वळत नाही. ज्यांचे मुसलमान शेजारी नाहीत, सहकारी नाहीत, त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त ईद, दंगल आणि अटक यांतला मुसलमान.

शुद्धलेखन चुकलं की वाचक संपादकांना फोन करतात, आणि त्याची दखलही घेतली जाते. फोटो चुकला की कोणी करत नाही. तो फोन आपण करायला हवा, तोही दुसऱ्याच दिवशी सकाळी.